लेक्सिंग्टनची जुनी दफनभूमी आणि १७७५ च्या लढवय्यांचं स्मारक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत उन्हाळा लागला की आई-बाबा, काका-मावशी येतातच. हार्वर्ड दाखवून झालं, समुद्रातले देवमासे बघून झाले, की चौथ्या दिवशी गाडी लेक्सिंग्टनकडे वळते. मी ही फेरी इतक्यांदा केली आहे की कुठला प्रश्न कुठल्या दगडापाशी येणार हे मला आधीच ठाऊक असतं. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एकदाची लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या खेपेला मला फक्त गाडी चालवायची उरेल.

हे ठिकाण नेमकं कुठं आहे?

बॉस्टनच्या वायव्येला साधारण १८ किलोमीटरवर, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लेक्सिंग्टन हे गाव. वस्ती ३४ हजारांच्या आसपास. त्यातले एक तृतीयांश लोक आशियाई वंशाचे, त्यामुळे वाण्याच्या रांगेत मराठी कानावर आलं तर दचकू नका. गावाच्या मध्यावर त्रिकोणी हिरवं मैदान आहे. आपल्याकडच्या गायरानासारखं, सगळ्या गावाच्या मालकीचं. मैदानाशेजारी पांढरं चर्च, आणि चर्चच्या मागच्या अंगाला झाडांच्या सावलीत जुनी दफनभूमी. इथला सर्वांत जुना दगड १६९० चा. बरेच पाहुणे मैदानातल्या पुतळ्यासोबत फोटो काढून परत फिरतात, चर्चमागे कुणी जात नाही. मला विचाराल तर पुतळ्याला पाच मिनिटं पुरेत, दफनभूमीला तास द्या.

तिथं झालं काय होतं?

१९ एप्रिल १७७५ ची पहाट. बॉस्टनमधून सुमारे ७०० इंग्रज शिपाई कॉन्कॉर्ड गावातला शस्त्रसाठा जप्त करायला रात्रीच निघाले होते. वाटेत लेक्सिंग्टन. पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉज हे घोडेस्वार आधीच येऊन खबर देऊन गेले होते. मैदानात कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखाली ७७ च्या आसपास गावकरी उभे राहिले. बहुतेक सगळे शेतकरी, आणि एकमेकांचे चुलते-मेहुणे-साडू. पहिली गोळी कुणी झाडली हे आजवर ठरलेलं नाही. धूर ओसरला तेव्हा गावकऱ्यांच्या बाजूचे आठ ठार, दहा जखमी. इंग्रज पुढे कॉन्कॉर्डला गेले आणि दुपारी परतताना वाटेवरच्या प्रत्येक भिंतीआडून त्यांच्यावर गोळ्या आल्या. दिवस मावळेपर्यंत त्यांचे ७३ मेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं ते असं.

मेलेले लोक दफनभूमीत आहेत की मैदानातल्या स्तंभापाशी?

आधी दफनभूमीत होते, आता स्तंभापाशी आहेत. हा प्रश्न आला की मी सगळ्यांना बाकावर बसवते, कारण उत्तर लांबतं.

गावचे धर्मगुरू जोनास क्लार्क यांची मुलगी एलिझाबेथ त्या वेळी बारा वर्षांची होती. म्हातारपणी तिनं आपल्या भाचीला पत्र लिहून त्या दिवसाची दुपार सांगितली. चार-चार फळ्या ठोकून केलेली खोकी प्रार्थनाघरात मांडली होती. वडिलांनी प्रार्थना म्हटली. मग खोकी दोन घोडागाड्यांवर चढवून दफनभूमीत नेली. शेजाऱ्यांनी रानाच्या जमेल तितक्या जवळ एकच मोठा चर खणला होता. आई, वडील, ही आणि कडेवरचं बाळ असे सगळे मागोमाग गेले. पाऊस भुरभुरत होता, तरी माती पडेपर्यंत ते थांबले. इंग्रज परत येऊन प्रेतं शोधतील या भीतीनं वडिलांनी पाइन आणि ओकच्या फांद्या तोडून वर पसरायला सांगितल्या, म्हणजे बघणाऱ्याला नुसता काटक्यांचा ढीग वाटावा.

म्हणजे ज्यांच्या नावानं आज एवढा सोहळा होतो, त्यांची पहिली कबर लपवलेली होती.

मैदानातला दगडी स्तंभ उभा राहिला १७९९ साली, घटनेनंतर चोवीस वर्षांनी, आणि खर्च राज्यानं केला. देशातल्या सर्वांत जुन्या युद्धस्मारकांत त्याची गणना होते. तरीही माणसं चर्चमागच्या चरातच होती. १८३५ साली, घटनेला साठ वर्षं झाल्यावर, ते अवशेष उकरून स्तंभामागच्या तळघरात ठेवले गेले. भाषण केलं एडवर्ड एव्हरेट यांनी. हेच गृहस्थ पुढे १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या भाषणाआधी उभे राहून तब्बल दोन तास बोलले आणि लिंकनच्या दोन मिनिटांपुढे विस्मरणात गेले.

म्हणून माझा पाहुण्यांना एकच आग्रह असतो: कुठल्याही स्मारकापाशी गेलात की आधी ते कोणत्या साली उभारलं ते शोधा, मग कुणासाठी ते वाचा.

स्तंभावर काय कोरलंय?

मजकूर जोनास क्लार्क यांचाच. ज्यांच्या खोक्यांवर त्यांनी प्रार्थना म्हटली, त्यांच्यासाठीच चोवीस वर्षांनी त्यांनी हा लेख लिहिला. सुरुवात स्वातंत्र्य आणि मानवजातीच्या हक्कांपासून, मग नावं, मग विजयाचं वर्णन. जवळ जाऊन उद्गारचिन्हं मोजा. ‘फासा पडला’ या अर्थाच्या वाक्यापुढे तीन आहेत! व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एखाद्या काकांनी लिहावं तशी. एरवी मोजूनमापून बोलणारे हे कर्मठ लोक. त्यांना दगडावर टाकीनं तीनदा उद्गारचिन्ह ठोकावंसं वाटलं, हे मला त्या अख्ख्या मजकुरापेक्षा बोलकं वाटतं.

स्तंभावर नावं आठ, मग आत सातच जण कसे?

आठवा असाहेल पोर्टर, शेजारच्या वूबर्न गावचा. त्याची कबर वूबर्नला आहे. उरलेले सात लेक्सिंग्टनचे: रॉबर्ट मन्रो, जोनास पार्कर, सॅम्युएल हॅडली, जोनाथन हॅरिंग्टन, आयझॅक मझी, केलब हॅरिंग्टन आणि जॉन ब्राउन.

पण याहून खटकणारी गोष्ट दुसरीच. जेडेडाया मन्रो नावाचा गावकरी सकाळी मैदानात जखमी झाला, आणि दुपारी पार्करच्या तुकडीबरोबर पुन्हा लढायला गेला. तिथं तो मारला गेला. त्याचं नाव स्तंभावर नाही, कारण लेख ‘या मैदानावर पडलेल्यां’पुरता आहे. सकाळी मेला असता तर नाव कोरलं गेलं असतं.

हेच ते ‘मिनिटमन’ ना?

सगळे तसंच म्हणतात. गावातल्या दुकानांच्या पाट्यांवरही तेच, आणि मैदानाच्या टोकाला १९०० साली बसवलेल्या पुतळ्यालाही लोक त्याच नावानं ओळखतात. मिनिटमन म्हणजे एका मिनिटात तयार होणारी निवडक तुकडी. कॉन्कॉर्डसारख्या गावांनी अशा वेगळ्या तुकड्या उभारल्या होत्या. लेक्सिंग्टनची मात्र गावातल्या सगळ्या धडधाकट पुरुषांची साधी मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज होती. वयस्क रॉबर्ट मन्रो तर १७५८ च्या कॅनडातल्या लुईबर्गच्या वेढ्यात, इंग्रजांच्याच बाजूनं फ्रेंचांशी लढलेला माणूस. त्याच इंग्रजांच्या गोळीनं तो गेला.

कॅप्टन पार्करचा दगड आजूबाजूच्यांपेक्षा एवढा नवा का दिसतो?

कारण तो खरंच नवा आहे. पार्करला क्षय होता. लढाईच्या दिवशीही तो आजारीच होता आणि पाच महिन्यांतच, सप्टेंबर १७७५ मध्ये, गेला. त्याच्या कबरीवर धड खूण राहिली नाही. गावानं तिथं दगड बसवला १८८४ मध्ये, म्हणजे १०९ वर्षांनी, आणि तोही अंदाजानं. ‘हल्ला झाल्याशिवाय गोळी झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे’ हे त्याचं वाक्य मैदानातल्या मोठ्या धोंड्यावर कोरलंय. ते कागदावर आलं तेही लढाईनंतर कित्येक वर्षांनी, लोकांच्या आठवणीतून. तो नेमकं हेच बोलला का, हा वाद इथल्या इतिहासप्रेमींसमोर काढू नये. जेवण थंड होतं.

या लढाईत कृष्णवर्णीय सैनिक होता म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. प्रिन्स एस्टाब्रुक. नावात राजपुत्र, पण होता गुलाम; बेंजामिन एस्टाब्रुक या गावकऱ्याच्या मालकीचा. त्या पहाटे तो पार्करच्या रांगेत उभा होता आणि खांद्याला गोळी लागून जखमी झाला. बरा होऊन पुढेही युद्धात लढला. ज्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलं ते त्याच्या स्वतःच्या वाट्याला नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी न्यायालयाच्या निकालांनी मोडीत निघाली ती १७८३ च्या सुमारास. अखेरीस तो अ‍ॅश्बी नावाच्या गावात गेला, त्याची कबर तिथं आहे. लेक्सिंग्टनमध्ये त्याच्या नावाचा दगड बसला २००८ साली, बकमन टॅव्हर्न या जुन्या खानावळीबाहेर. १७९९, १८३५, १८८४, २००८. हे आकडे ओळीनं मांडले की कुणाची आठवण गावाला कधी आली ते आपोआप दिसतं.

दफनभूमीत एका इंग्रज शिपायाचीही कबर आहे का?

आहे. जखमी अवस्थेत त्याला बकमन टॅव्हर्नमध्ये आणलं, तिथंच तो मेला आणि गावकऱ्यांनी त्याला आपल्याच दफनभूमीत पुरलं. आता तिथं छोटा दगड आहे. माझे सासरे या दगडापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले होते. त्यांची नोकरी लष्करात झाली, म्हणून असेल.

दगडांवर पंख असलेल्या कवट्या का? भीती वाटते!

लहान मुलं हे विचारतात, आणि मावश्या मुलांच्या आडून विचारतात. कवटी म्हणजे देह संपला, पंख म्हणजे आत्मा उडाला. बस्स, एवढंच. सतराव्या-अठराव्या शतकातल्या प्युरिटन, म्हणजे कडक साधेपणाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांना थडग्यावर क्रूस किंवा संतांच्या मूर्ती चालत नसत, म्हणून पाथरवटांनी ही खूण धरली. पुढे कवटीच्या जागी गुबगुबीत गालांचा, पंखांचाच चेहरा येतो. एकोणिसावं शतक लागताना तोही जातो आणि कलश नि विलोची झुकलेली फांदी येते. एकदा ही वहिवाट कळली की साल न वाचताही कबर कुठल्या काळातली ते सांगता येतं. आमच्या घरात यावर पैजा लागतात.

तीनशे वर्षांची अक्षरं इतकी ठसठशीत, आणि नंतरचे पांढरे दगड पुसट. असं कसं?

जुने दगड स्लेटचे आहेत, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. त्यावर ऊन-पाऊस फारसा चालत नाही. नखानं ‘टक’ करून आवाज काढायचा मोह होतो, तो आवरा. पुढच्या पिढ्यांनी हौसेनं संगमरवर आणला. पावसातल्या आम्लानं तो साखरेसारखा विरघळतो आणि नाव बोटांना लागतं पण डोळ्यांना दिसत नाही. स्लेटचा शत्रू पाणी नव्हे, थंडी. थरांच्या फटीत शिरलेलं पाणी गोठलं की पापुद्रे सुटतात.

दगड घासून साफ केला, किंवा कागद ठेवून अक्षरांचा ठसा घेतला तर चालतं?

नाही. गावाच्या कचेरीची परवानगी असल्याशिवाय हातही लावू नका. ठसा घेताना पडणारा दाब सुटलेल्या पापुद्र्यांना पुरेसा असतो. दाढीचा फेस, खडूची पूड, ब्लीच, तारेचा ब्रश हे सगळे उपाय लोकांनी करून पाहिले आहेत आणि दगडांनी ते भोगले आहेत. जाणकार फक्त साधं पाणी, मऊ ब्रश आणि दगडांसाठीच बनवलेलं शेवाळनाशक वापरतात.

नाव वाचता येत नसेल तर आरसा न्या. बाजूनं तिरका उजेड पाडला की अक्षरं सावलीत उठून दिसतात. दुसऱ्याच फेरीत मी पर्समधला आरसा काढून पाहिला आणि जे आडनाव मी दोन वर्षं चुकीचं सांगत होते ते दुरुस्त झालं. आमच्या गावच्या वेशीवरच्या वीरगळाला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल लागलंय. वीर कुठला, गाय कुठली, काही कळत नाही. तोही सन्मानच, पण त्याखाली वीर बुजला.

काही कबरींजवळ छोटे झेंडे आणि धातूची चिन्हं रोवलेली असतात. ती कुणाची?

सैनिक म्हणून नोंद असलेल्यांची. गोल चिन्हं, क्रूस, तारे असे प्रकार दिसतात. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांसाठीची चिन्हं बहुतेक त्यांच्या वंशजांच्या संघटनांनी बसवलेली असतात. पुरुषांची संघटना १८८९ ची, स्त्रियांची १८९० ची. पाच टोकांचा तारा दिसला तर तो अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्याचा. प्रत्येक गावानं सैनिकांच्या कबरींची देखभाल करणारा अधिकारी नेमावा, असा मॅसॅच्युसेट्समध्ये कायदाच आहे. मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या आधी नवे झेंडे लागतात. मैदानातला मोठा झेंडा मात्र रात्रीही उतरवत नाहीत. १९६५ पासून तसा केंद्राचा कायदा आहे.

इतक्या जुन्या सैनिकाला आज सरकारकडून दगड मिळू शकतो?

मिळतो, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. कबरीवर काहीच खूण नसेल तर अमेरिकेचं माजी सैनिक खातं कुठल्याही युद्धातल्या सैनिकासाठी दगड फुकट देतं, पोचवतंही. बसवायचा खर्च तेवढा आपला. एप्रिल १९१७ पूर्वीच्या सैनिकासाठी अर्ज करायला नातेवाईक असण्याचीही गरज नाही, सेवेचा पुरावा आणि दफनभूमीची संमती लागते.

या लोकांना पेन्शन मिळाली का?

उशिरा, आणि अटी घालून. १८१८ च्या कायद्यानं साध्या शिपायाला महिना ८ डॉलर दिले, पण तो नियमित सैन्यातला आणि गरजू असला तरच. लोक फार झाले म्हणून १८२० मध्ये आपली मालमत्ता यादी करून द्यायला लावली. माजी सैनिक न्यायाधीशापुढे उभे राहून गाय, किटली, मोडकी खुर्ची लिहून देत. मिलिशियावाल्यांना दार उघडलं १८३२ मध्ये, तेही किमान सहा महिन्यांच्या सेवेसाठी. फक्त १९ एप्रिलला मैदानात उभ्या राहिलेल्याला त्यात काही नव्हतं. दुसरं टोक असं, की व्हरमाँटच्या एस्थर डेमन यांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या माजी सैनिकाशी लग्न केलं होतं. त्या युद्धाची विधवा-पेन्शन घेणाऱ्या त्या शेवटच्या. त्यांचं निधन झालं १९०६ साली.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

बाबा लोकांचा आवडता प्रश्न, आणि उत्तर मजेदार आहे. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. लेक्सिंग्टननंतर महिना भरायच्या आत, १८ मे १७७५ ला, गुजरातेत अडासच्या मैदानावर हरिपंत फडक्यांची फौज आणि कर्नल कीटिंगचे इंग्रज एकमेकांना भिडले. पहिलं इंग्रज-मराठे युद्ध ते हेच. म्हणजे एकाच वसंतात इंग्रज दोन खंडांत लढत होते.

पुढचं ऐका. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला त्याच्या बाजूनं मराठ्यांची फौज होती, आणि तिचे सेनापती तेच हरिपंत फडके. कॉर्नवॉलिसची कबर गाझीपूरला आहे. लेक्सिंग्टनमध्ये इंग्रज शिपायाचा दगड, गंगेकाठी त्यांच्या सेनापतीचा घुमट.

पुढच्या काळातल्या सैनिकांचा या जागेशी काही संबंध आला का?

आला, आणि फलकांवर तो शोधायला लागतो. मे १९७१ मध्ये, मेमोरियल डेच्या सुटीत, व्हिएतनामहून परतलेले सैनिक युद्धाविरुद्ध मोर्चा घेऊन कॉन्कॉर्डहून बॉस्टनकडे निघाले. पॉल रिव्हिअरची वाट, उलट्या दिशेनं. रात्री त्यांना याच मैदानावर मुक्काम करायचा होता. गावच्या कारभाऱ्यांनी नाही म्हटलं. सैनिक बसून राहिले, गावातले शेकडो लोक येऊन त्यांच्यासोबत बसले. पहाटे तीनच्या सुमाराला पोलिसांनी साडेचारशेच्या वर लोकांना पकडून शाळेच्या बसमधून नेलं. त्यात पुढे परराष्ट्रमंत्री झालेले जॉन केरीही होते. दंड माणशी पाच डॉलर. माझ्या माहितीतले एक शेजारी त्या रात्री तिथं होते. ते स्तंभाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे सात जणही परवानगी काढून उभे राहिले नव्हते.’

कधी जावं?

गर्दी सोसत असेल तर एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे, म्हणजे याच लढाईच्या आठवणीची सुटी. पहाटे साडेपाचच्या आसपास मैदानात लढाईचा देखावा करतात. मुलांना खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या पाठी दिसतील. त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन असते, म्हणजे परतताना रस्ते बंद. शांतपणे पाहायचं तर ऑक्टोबरची दुपार. मेपलची पानं लाल झालेली असतात आणि तिरक्या उन्हात अक्षरं आरशाशिवाय वाचता येतात. जानेवारीत बर्फाखाली निम्मे दगड दिसत नाहीत.

चपला काढायच्या का? फूल ठेवलं तर चालेल?

चपला नको, इथलं गवत ओलं असतं. फूल चालतं. उदबत्ती आणि दिवा मात्र नको, वाळक्या पानांना आग लागते. गेल्या वर्षी मावशीनं घरच्या झेंडूची दोन फुलं आणली होती. एक स्तंभापाशी ठेवलं. दुसरं घेऊन ती दफनभूमीत इकडेतिकडे बघत राहिली, मग विचारलं, ‘तो फांद्यांखालचा चर कुठं होता गं?’ तिथं आता नुसतं गवत आहे, म्हटलं. तिनं फूल गवतावर ठेवलं आणि गाडीकडे निघाली.